काकाजींचा शंकर

लिहिण्याआधी माफी मागायला हवी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नाही. वडिलांना सही येते, पण ती करताना त्यांच्या कपाळाला घाम येतो. अशा घरातल्या मुलाने एका वडीलधाऱ्या माणसाबद्दल कागदावर बोलावं, हे मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं. शिवाय ज्यांच्या घरी तीन वर्षं राहिलो, त्यांच्याबद्दल चार लोकांत बोलणं आमच्याकडे बरं समजत नाहीत. तरी लिहितो. चुकलं तर माझं समजावं.

काकाजी माझे घरमालक. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, बायको वारलेली, एकुलती मुलगी भिलाईला दिलेली. नागपूरच्या प्रताप नगरात तेव्हा अर्ध्याहून जास्त प्लॉट रिकामेच होते. त्यात त्यांचं तीन खोल्यांचं घर. मागची खोली भाड्याने द्यायची आहे असं कॉलेजच्या शिपायाने सांगितलं, म्हणून मी ट्रंक घेऊन गेलो.

खोली मागायला गेलं की लोक जात विचारतात, मटण खातो का विचारतात. काकाजींनी विचारलं, "पाण्यात हात घालायची सवय आहे का तुले?"

मला प्रश्न कळला नाही. मी खरं ते सांगितलं. आमच्या गावच्या नाल्यात लहानपणी आम्ही दगडाखाली हात घालून मासे धरायचो.

"मंग खोली नाही."

मी ट्रंक उचलली. फाटकापर्यंत गेलो असेन, मागून आवाज आला, "ए बाबू, थांब गा! आतापर्यंत सात पोरं आले. सातही 'नाही' म्हणाले, अन् सातही जणांनी मी पाठ फिरवल्याबरोबर हौदाच्या झाकणाची कडी ओढून पाहिली. तू पहिलाच सांगून राहिला. ये आत."

तो हौद पुढच्या खोलीत होता. पुढची खोली म्हणजे लोकांची बैठक असते, सोफा असतो. काकाजींच्या बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचा हौद होता, मांडीएवढा उंच, आणि त्याच्या एका बाजूला जाड काच बसवलेली. मी काचेतून पाहिलं. आत नुसती वाळू दिसली. काकाजींनी काठीने काठावर तीनदा वाजवलं, आणि वाळूच उठली. परातीएवढी गोल, चपटी वाळू, कडा लाटेसारख्या हलवत, मागे चाबकासारखी लांब शेपटी ओढत काचेपर्यंत आली. खालून तिला तोंड होतं. मी दोन पावलं मागे झालो.

"हा शंकर," काकाजी म्हणाले.

समुद्राकडचे लोक अशा माशाला पाकट म्हणतात, हे मी पुढे कॉलेजात वाचलं. हा समुद्रातला नव्हता, नदीतला होता. कलकत्त्याकडे त्याला शंकर मासा म्हणतात. काकाजींच्या ओळखीच्या एका गार्डने हावड्याहून दुधाच्या कॅनमध्ये घालून तो आणला होता, तेव्हा तो ज्वारीच्या भाकरीएवढा होता. वाटेत गाडी जिथे थांबेल तिथे गार्डसाहेब पार्सलच्या डब्यात जाऊन कॅनमधलं पाणी हलवायचे. काकाजी हे सांगताना गार्डसाहेबांबद्दल इतक्या आदराने बोलत की जणू त्यांनी पोरगंच सुखरूप पोचवलं.

त्या शेपटीवर करवतीसारखा एक काटा असतो आणि काट्याला विष असतं. पहिल्याच दिवशी काकाजींनी मला हे सांगितलं. आवाजात भीती घालायचा प्रयत्न नव्हता. आगगाडीचा टाइम सांगावा तसं सांगितलं.

"तो अंगावर येत नाही. त्याचं त्याचं वाळूत बसून राहते. वरून कोनी दाबलं, पाय पडला, का मंग शेपटी वर. सोपं काम नाही, पण सरळ काम आहे."

हे त्यांचं पालुपद होतं. गॅसची शेगडी लावणं, पेन्शनचा फॉर्म भरणं, माझं कॅल्क्युलस, सगळ्यांना ते हेच म्हणायचे. सोपं काम नाही, पण सरळ काम आहे.

भिंतीवर अकरा नियम लावलेले होते. रेल्वेच्या जुन्या पार्सल फॉर्मच्या मागच्या बाजूला लाल-निळ्या पेन्सिलीने लिहिलेले. "हात घालण्याआधी शंकर कुठे आहे ते पाहावे. दिसला नाही तर हात घालू नये." "काठीने तीन वेळा वाजवावे." "हौदात दगड, शंख, कौल टाकू नये, पोट खरचटते." "नळाचे पाणी दोन दिवस ड्रममध्ये ठेवल्याशिवाय ओतू नये." "त्याला पाठीवरून दाबू नये. त्याला ते आवडत नाही. कोणालाच आवडत नाही." आणि नववा नियम, ज्याच्यावरून पाहुणे हसायचे: "थर्मासमधले पाणी चहाला वापरू नये."

हौदाशेजारच्या स्टुलावर एक मोठा थर्मास असायचा. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, दोन वेळा काकाजी त्यातलं पाणी ओतून टाकायचे आणि नवं कढत पाणी भरायचे. डंख बसला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, दीड तास, त्याने विष मोडतं, मग डॉक्टर. घरात साखर नसेल, दूध नसेल, पण थर्मास रिकामा नसायचा. त्यांना स्वतःला एकदाही डंख बसला नव्हता.

हौदाची वाळू कन्हान नदीची. ती काकाजींनी बायकोच्या पिठाच्या चाळणीने चाळली होती. "तिनं आठ दिवस अबोला धरला," ते सांगायचे, "नवव्या दिवशी स्वतःच म्हणाली, इकडली वाळू जाड राहिली वाटते." नवीन सिमेंटचा चुना मरावा म्हणून हौद तीनदा भरून त्यात केळीचे खांब कुजवले होते. त्या वासाने गल्लीतले लोक तक्रार घेऊन आले, तर काकाजींनी त्यांना बसवून सिमेंट माशाला का चालत नाही ते समजावलं. कोणी पुन्हा आलं नाही.

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. घरात एकच कूलर होता आणि त्याचं तोंड हौदाकडे. दुपारी काकाजी हौदाच्या पलीकडे फरशीवर चटई टाकून झोपायचे. "शंकरची उरलेली हवा येते इकडे," म्हणायचे. लाइट गेली की पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडायचा. मग सायकलचा पंप. त्याला रबरी नळी जोडलेली होती, आणि जो कोणी घरात असेल त्याने तो मारायचा. एकदा विम्याचे एजंट आले होते, टाय वगैरे लावून. लाइट गेली. काकाजींनी बोलता बोलता त्यांच्या हातात पंप दिला. बिचाऱ्यांनी पाऊण तास पंप मारला, शर्ट भिजला, आणि विम्याचं एक अक्षर न बोलता गेले. जाताना विचारत होते, "बरा आहे ना तो आता?"

शेजारी एक मावशी राहायच्या, घरात म्हैस, तोंडात सतत बोलणं. श्रावणातल्या सोमवारी त्या बेलाची पानं घेऊन आल्या. घरात शंकर आहे म्हटल्यावर दर्शन घ्यायला नको का, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं काकाजी हसतील. ते म्हणाले, "काठावर ठेवा मावशी. आत टाकाल तर सडते." मावशींनी काठावर पानं ठेवली, हात जोडले, वाळूकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तं निरा निजूनच राहते वं बाई." कोणाला म्हणाल्या देव जाणे.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

काकाजींची मुलगी, मी तिला ताई म्हणतो, तीन वर्षांपासून नागपूरला येत नव्हती. शेवटची आली तेव्हा तिची पोरगी दोन वर्षांची होती. तेव्हा हौदावर झाकण नव्हतं. पोरीने काठाला धरून आत हात सोडला आणि शंकर बरोबर खाली होता. ताईने तिला खेचून घेतलं. चार बोटांचं अंतर राहिलं होतं, असं काकाजींनीच मला सांगितलं, आपली चार बोटं दाखवून. ताई त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मग पत्र आलं: तो मासा त्या घरात आहे तोवर मी पोरीला तिथे आणणार नाही.

ते अकरा नियम, थर्मास, लाकडी चौकटीत बारीक जाळी बसवलेलं झाकण, झाकणाला कडी आणि कडीला कुलूप, हे सगळं त्या पत्रानंतरचं. काकाजी प्रत्येक नवीन व्यवस्थेचं चित्र काढून भिलाईला पाठवायचे. झाकणाचं चित्र मोजमापांसकट. पोरीला उभं राहून काचेतून पाहता यावं म्हणून सुताराकडून एक बुटका स्टूल करून घेतला, त्याचंही चित्र. ताईची उत्तरं यायची. तब्येत विचारलेली असायची. माशाबद्दल काही नसायचं.

मी एकदा धीर करून म्हणालो, "काकाजी, देऊन टाका ना कोणाला."

"कोनाले देऊ? घेनारे लई आहेत. ठेवनारा सांग."

"नदीत सोडला तर?"

"कन्हान त्याची नदी आहे काय?" मग काचेकडे वळले. "पोरगी समजदार आहे, बाबू. तिले आज ना उद्या समजावता येईल. ह्याले कसं समजावू, का बाबा मीच तुले आनलं, अन् आता मलेच तू नको?"

काटा कापून टाका, असंही लोक सांगायचे. तो पुन्हा येतो, हे एक कारण होतं. दुसरं कारण काकाजी हळू आवाजात सांगायचे: "त्याच्याजवळ तेवढंच तर आहे."

माझ्या दुसऱ्या वर्षी, भादव्यात, काकाजींनी ठरवलं की आता चित्रं बस झाली, स्वतः जाऊन सांगायचं. जाळीचा एक तुकडा पिशवीत घातला, ताईला हाताने दाबून पाहता यावा म्हणून. दोन दिवसांसाठी भिलाईला गेले. घर, थर्मास आणि शंकर माझ्यावर सोपवून. कुलपाची किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, "आधी पाहा, मंग हात." मी म्हणालो, "हो."

त्या दोन दिवसांत पाऊस थांबला नाही. नळाला चहासारखं पाणी आलं. ड्रममध्ये दोन दिवसांपूर्वीचं पाणी होतं तेही गढूळच राहिलं होतं. हौदात पाणी कमी झालं होतं, मी नियमाप्रमाणे ड्रममधलं ओतलं, आणि सगळा हौद मळकट झाला. काचेतून काही दिसेना. संध्याकाळी काकाजी येणार. कदाचित ताईचा होकार घेऊन येणार. आणि त्यांना असा हौद दिसणार.

आमच्या गावी पावसाळ्यात विहिरीचं पाणी असंच येतं. आई रांजणात तुरटी फिरवते. बाही वर करून, हात कोपरापर्यंत आत घालून, सात वेढे उजवीकडे. थोड्या वेळात गाळ खाली बसतो आणि पाणी आरशासारखं होतं. मी जन्मापासून हे पाहिलं आहे. काकाजींच्या स्वयंपाकघरात दाढीची तुरटी होती, चांगली मूठभर.

मी झाकण काढलं. आता वाटतं, मी मूर्ख होतो. पण तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मला नीट आठवतं. ते नियम माशाला हात लावण्याबद्दलचे आहेत, असं मी समजत होतो. मी माशाला हात लावत नव्हतो. मी पाणी साफ करत होतो. पाणी साफ करताना कोणी काठी वाजवतं का? मी बाही वर केली आणि आईसारखा वेढा द्यायला लागलो. तिसऱ्या वेढ्याला हात वाळूला टेकला, आणि ती वाळू नव्हती.

वेदनेबद्दल लिहिणार नाही. मी ओरडलो एवढं सांगतो, कारण मावशी म्हशीचं दूध टाकून धावत आल्या.

"काय झालं रे? काहून बोंबलून राहिला?"

मनगटाजवळून रक्त येत होतं. मावशींनी पाहिलं, हौद पाहिला, झाकण पाहिलं. "अरे माय! थांब, दोरी बांधते. पलीकडल्या गल्लीत विंचू उतरवनारा आहे, त्याले बोलावते."

"मावशी, थर्मास," मी म्हणालो.

"चहा पेतं काय आता?"

मी डाव्या हाताने थर्मास बादलीत रिकामा केला आणि हात बुडवला. मावशींना मग समजलं. त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि पातेलं चढवलं. दीड तास त्या पाणी गरम करत राहिल्या आणि मला शिव्या देत राहिल्या. "लोकायचे पोरं शिकून शहाने होते, हा शिकून तुरटी फिरवते." तासाभराने दुखणं ओसरायला लागलं. मग त्यांनी रिक्षातून डॉक्टरकडे नेलं. जखम धुतली, इंजेक्शन दिलं. मी परत आलो तेव्हा काकाजी दारात उभे होते. हातात पिशवी, आणि चेहरा असा की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. ते हसत होते.

"दिवाळीले येते म्हणाली," ते म्हणाले. "पोरीले घेऊन." आणि मग माझा हात पाहिला.

मी सगळं सांगितलं, तुरटीसकट. ते आधी हौदाकडे गेले नाहीत. माझी बोटं एकेक हलवून पाहिली, ताप पाहिला, मला भिंतीशी बसवलं. मग काठी वाजवली आणि पाण्याला नाक लावलं. तुरटीने पाणी आंबट होतं, माशाला ते सोसत नाही. पुढचे चार दिवस ते थोडं थोडं पाणी काढत आणि गाळलेलं पाणी घालत राहिले. सायकलचा पंप मारत राहिले. शंकर काचेशी पडून होता, कडा हलवायचा नाही. पाचव्या दिवशी त्याने झिंगे खाल्ले. त्या चार दिवसांत काकाजी मला एक शब्द रागाचा बोलले नाहीत. फक्त भिंतीवरच्या कागदावर खाली लिहिलं: "बारा. तुरटी फिरवू नये." आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी लिहिलंच नव्हतं."

पण त्याच पाचव्या दिवशी ते पत्र लिहायला बसले. ताईला. ते काय लिहितात ते पाहिलं आणि मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"काकाजी, हे नका कळवू. मी कोणाला सांगणार नाही. मावशीही नाही सांगणार. माझा हात बरा आहे."

"मले माहीत आहे."

"ताई येणार नाही मग."

"तेही माहीत आहे." लिहिणं थांबवलं नाही. "ती विश्वासावर पोरगी आनून राहिली, बाबू. मी तिले जाळीचा तुकडा दाखवला, म्हटलं आजवर कोनाले काही झालं नाही. तेव्हा ते खरं होतं. आता नाही."

"चूक माझी होती. तुमची व्यवस्था बरोबर होती."

"पोरगी चार-पाच वर्षांची आहे. तिची चूक होनार नाही काय?"

पत्र पेटीत टाकायला त्यांनी मलाच पाठवलं. बँडेज बांधलेल्या हाताने मी ते टाकलं. पेटीजवळ किती वेळ उभा होतो ते सांगत नाही.

ताईचं उत्तर आठ दिवसांत आलं. कळवलं हे बरं केलं, यंदा जमत नाही, तब्येतीला जपा. दिवाळीत काकाजींनी पणत्या लावल्या. मावशींनी चिवडा आणून दिला. त्या बुटक्या स्टुलावर आता शंकरच्या खाण्याच्या गांडुळांचा डबा ठेवलेला असायचा.

मी आणखी वर्षभर तिथे राहिलो. काकाजी माझ्याशी पूर्वीसारखेच होते, उलट परीक्षेच्या दिवसांत चहा करून आणायचे, स्टोव्हवर वेगळं पाणी तापवून. मी मात्र पूर्वीसारखा राहिलो नाही. तीनदा मी ताईला पत्र लिहायला बसलो. तुमच्या वडिलांची चूक नव्हती, गावाकडून आलेल्या एका पोराची होती, असं. तिन्ही वेळा वाटलं, आपण कोण त्यांच्या घरात बोलणारे? तिन्ही कागद फाडले. पुढे बी.एस्सी. झालो, बी.एड.साठी वर्ध्याला आलो. निघताना काकाजींच्या पाया पडलो. ते म्हणाले, "मास्तर होशील. सोपं काम नाही." बाकीचं वाक्य त्यांनी सोडून दिलं, आणि दोघेही हसलो.

गेल्या आठवड्यात मावशींचं पत्र आलं. त्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या मुलाने लिहिलेलं. काकाजी वैशाखात गेले. दुपारी चटईवर झोपले ते उठलेच नाहीत. ताई, जावई, पोरगी सगळे आले. तेरवी झाली. जावई ड्यूटीवर परत गेले. ताई चार दिवसांनी निघणार होती, माशाची सोय लावून. एका कॉलेजचे लोक येऊन पाहून गेले, म्हणाले बरणीत घालून ठेवू, पोरांना शिकायला होईल. ताईने त्यांना चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवून दिलं. दुसरे एक हॉटेलवाले आले, त्यांना चहाही दिला नाही. मग चारचे दहा दिवस झाले, दहाचा महिना झाला.

पत्राच्या शेवटी मावशींनी सांगितलेलं मुलाने जसंच्या तसं लिहिलं आहे: "तिकडे भिलाईत पोरीची शाळा सुरू झाली, जावयाचे दोन पत्र आले, पन ताई काही जायचं नाव घेऊन नाही राहिली. मी इचारलं, काहून वं? तं म्हनते, मावशी, ह्याले टाकून कशी जाऊ."